ज्योतीच्या स्वागताची वेळ बदला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१४ मे जवळ आला. छत्रपती संभाजी महाराजांच्या जयंतीला त्यांच्या जन्मस्थानावरून, पुरंदर किल्ल्यावरून, आळीपाळीने पळत ज्योत आणायची, म्हणून आमच्या माळशिरस भागात मंडळांच्या बैठका सुरू झाल्या आहेत. टी-शर्टचा रंग, टेम्पोचे भाडे, स्वागताला कोणाला बोलवायचे, यावर रात्री बारापर्यंत खल चालतो. पळणाऱ्या मुलांना ऊन किती लागेल हा विषय उठता उठता निघतो, आणि ‘पाण्याचे जार दोन जास्त घ्या’ एवढ्यावर मिटतो. मी निवृत्त क्रीडाशिक्षक. पूर्वी ज्योतीबरोबर पळायचो, आता मागच्या गाडीत बसतो. माझी मागणी एकच आहे : ज्योतीच्या स्वागताची वेळ सकाळी सातच्या आत आणा.

स्वागताचा आणि उन्हाचा काय संबंध, असे कोणी विचारील. हिशेब करून पाहावा. पुरंदर लष्कराच्या ताब्यात आहे, संध्याकाळी गडावर प्रवेश बंद होतो. ज्योत पेटवून, घोषणा देऊन, फोटो काढून नारायणपूरला उतरेपर्यंत पाच-साडेपाच होतात. तिथून सासवड, जेजुरी, वाल्हे, नीरा, लोणंद, फलटण, नातेपुते करत माळशिरस सव्वाशे ते दीडशे किलोमीटर पडते. एकेकटा मुलगा कितीही जोरात पळो, गडी बदलणे, मशालीत तेल घालणे, वाटेतल्या गावांनी अडवून हार घालणे, हे सगळे धरले की ज्योत तासाला आठ किलोमीटरच्या वर सरकत नाही. म्हणजे सोळा-सतरा तास. रात्रभर न थांबता पळाले तरी वेशीवर यायला सकाळचे दहा वाजतात. पत्रिकेत स्वागत अकराचे छापलेले असते आणि पाहुणे बाराच्या आत येतील याची खात्री खुद्द पाहुण्यांनाही नसते.

मेमधले आमच्याकडचे अकरा-बारा म्हणजे काय, हे सोलापूर जिल्ह्यातल्या वाचकाला सांगायला नको. त्यात शेवटचे पाच किलोमीटर प्रत्येकालाच पळायचे असतात. वेशीवर घरचे लोक उभे असतात, मोबाइल निघालेले असतात, डीजे लागलेला असतो. अशा वेळी गाडीत कोण बसणार? आळीपाळीची दौड तिथे संपते आणि सगळ्यांचीच सलग दौड सुरू होते. तीही रात्रभर न झोपलेल्या, चहा आणि वडापाववर निघालेल्या मुलांची. काही जण श्रद्धेने अनवाणी असतात. चाळीस अंशांच्या उन्हात डांबर साठ अंशांच्या घरात जाते, तळव्यांना फोड येऊनच मुले घरी पोचतात.

खरे तर आळीपाळीने पळणे ही उन्हाळ्यासाठी फार शहाणपणाची पद्धत आहे. पळताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात, तिचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग उष्णता होतो. ती बाहेर टाकायला शरीराकडे मुख्यतः घाम, आणि घाम वाळला तरच अंग गार होते. एकाने किलोमीटरभर पळून ज्योत दुसऱ्याच्या हाती दिली, तर साचलेली उष्णता निघून जायला त्याला वेळ मिळतो. पण हा वेळ तो कुठे घालवतो? ताडपत्री टाकलेल्या टेम्पोत, पंधरा-वीस जणांच्या दाटीत, तापलेल्या पत्र्याला पाठ लावून. वारा नाही, घाम वाळत नाही. पुढची पाळी येते तेव्हा तो आधीच तापलेला असतो. आयोजकांचे सगळे लक्ष पळणाऱ्याकडे असते, आणि मुलाची तब्येत बिघडते ती गाडीत.

मागे एका वर्षी नातेपुत्याच्या पुढे आमच्यातला एक मुलगा टेम्पोत असंबद्ध बोलू लागला. आपण कोणत्या गावात आहोत ते त्याला सांगता येईना. अंग घामाने निथळत होते, म्हणून बाकीचे म्हणाले की ऊन लागलेले नाही, ऊन लागले की घाम थांबतो. हा समज धोक्याचा आहे. पळता पळता जो उष्माघात होतो त्यात घाम चालूच राहू शकतो. खरी खूण म्हणजे भान हरपणे. शेजारच्या शेतकऱ्याने विहिरीवरची मोटर चालू केली, मुलाला पाइपाखाली धरले, डोके-मान-काखा सतत भिजवत ठेवल्या आणि मग दवाखान्यात नेले. क्रम हाच हवा : आधी गार करा, मग हलवा. शरीराचे तापमान चाळीसच्या वर जितका वेळ राहते, तितकी मेंदूला आणि मूत्रपिंडांना इजा वाढत जाते. गाडी शोधण्यात गेलेली वीस मिनिटे परत मिळत नाहीत. तो मुलगा बरा झाला, आज दोन लेकरांचा बाप आहे. मोटरीला त्या वेळी वीज होती, हे आमचे नशीब.

खारघरला १६ एप्रिल २०२३ रोजी महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जण गेले. ती माणसे पळत नव्हती, मैदानात बसलेली होती.

यावर काही मंडळे म्हणतात, आम्ही तर रात्रीच पळतो. रात्र बरी हे खरे, पण तेवढ्याने भागत नाही. दोहा इथे २०१९ च्या जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत महिलांची मॅरेथॉन मुद्दाम मध्यरात्री ठेवली होती. तरीही तापमान तीस अंशांच्या वर आणि हवा दमट. ६८ जणी निघाल्या, त्यातल्या २८ जणींनी शर्यत अर्ध्यावर सोडली, आणि त्या जगातल्या निवडक धावपटू होत्या. ६ जूनच्या राज्याभिषेक दिनासाठी रायगडावरून ज्योत आणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. महाडकडची जूनमधली रात्र आमच्या माळरानासारखी कोरडी नसते, तिथे घाम अंगावरच राहतो. हवामान खातेसुद्धा उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी भागाला ४० अंशांची आणि किनाऱ्याला ३७ अंशांची अट लावते, ते उगीच नाही. शिवाय रात्री महामार्गावर ट्रक-डंपर असतात आणि आपला चालकही जागरणाने पेंगुळलेला असतो, हा धोका वेगळाच.

म्हणून एक मुक्काम वाढवा, असे माझे म्हणणे आहे. ज्योत १२ मेच्या संध्याकाळी निघावी. रात्री अकरापर्यंत ती वाल्ह्याच्या आसपास येते. तिथे झोप. पहाटे तीनला उठून नऊपर्यंत फलटण गाठता येते. १३ मेचा अख्खा दिवस सावलीत काढायचा, जेवायचे, झोपायचे. संध्याकाळी साडेपाचला पुन्हा निघून रात्री नातेपुते. १४ तारखेला पहाटे पाचला शेवटचे पंधराएक किलोमीटर सुरू केले की सातच्या सुमारास ज्योत वेशीवर. मग हवे तर सगळ्यांनी मिळून पळा, नाचा, कोण अडवतो! टेम्पोचे एका दिवसाचे भाडे वाढेल. ते डीजेच्या बिलातून सहज निघेल, पण हे बैठकीत बोललो की सगळे छताकडे बघतात.

‘ज्योत थांबवायची नसते’ हा आक्षेप येतोच. ज्योत विझू द्यायची नसते, हे मला मान्य आहे. ती थांबू नये असे कोणी ठरवले? याच रस्त्याने माउलींची पालखी जाते. तिला दुपारचा विसावा आहे, रात्रीचा मुक्काम आहे, आणि त्याने वारीचे पावित्र्य कमी झाल्याचे ऐकिवात नाही. बहुतेक मंडळांच्या गाडीत कंदिलात दुसरी ज्योत असतेच. मुक्कामी ती देवळात ठेवावी, दोघांनी पाळीने राखावी.

आणि सावली आता मुद्दाम शोधावी लागते, हेही लिहिले पाहिजे. पालखी मार्ग रुंद झाला, चौपदरी झाला, सोय झाली. पण रुंदीकरणात जुनी झाडे गेली, आणि ज्या झाडांखाली आम्ही गडी बदलायचो ती ठिकाणे आता ओळखूही येत नाहीत. नवी रोपे मोठी होईतो बरीच वर्षे जातील. दिवसभर तापलेला रस्ता रात्री उशिरापर्यंत झळा सोडतो, त्यामुळे सूर्य मावळला की गारवा आला हा जुना अंदाजही चुकतो.

पाण्याबद्दल थोडे. नुसते पाणी तांब्यामागून तांब्या पिणे हेही घातक ठरू शकते, कारण रक्तातले मीठ पातळ होते. लिटरभर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, किंवा ओआरएसची पुडी. मीठ घातलेले ताकही चालेल. एनर्जी ड्रिंकचे डबे पुरस्कृत करणाऱ्यांनी त्याऐवजी बर्फाच्या लाद्या आणि टॉवेल द्यावेत. शिवाय ज्याने दोन आठवडे आधीपासून संध्याकाळच्या उकाड्यात थोडे थोडे पळून अंगाला सवय लावलेली नाही, त्याला ज्योत हातात देऊ नये, मग तो अध्यक्षांचा भाचा का असेना.

आता प्रशासनाकडे दोन गोष्टी मागायच्या आहेत. ज्योतीसाठी मंडळे पोलीस ठाण्यात अर्ज देतात. त्या अर्जात सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच ज्योत कुठे थांबणार, हे लिहून घ्यावे, आणि ते लिहिलेले नसेल तर अर्ज परत करावा. दुसरे, मेमध्ये जिल्हा परिषदेच्या शाळांना सुट्टी असते. वाल्हे ते नातेपुते या पट्ट्यातल्या ग्रामपंचायतींनी १२ ते १४ मे या काळात शाळेच्या दोन खोल्या उघड्या ठेवाव्यात, टाकी भरून ठेवावी आणि चावी कोणाकडे मिळेल त्याचा फोन नंबर फाटकावर लावावा. मुले खोल्या झाडून परत देतील, त्याची हमी आम्ही शिक्षक मंडळी घेऊ.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक,
माळशिरस, जि. सोलापूर