साध्या दिसणाऱ्या स्नीकरचे मोल

मा. संपादक,

स. न. वि. वि.

पादत्राणांविषयी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत जे लेखन येते, त्यात भडक रंगांच्या, मोजक्या संख्येने निघणाऱ्या आणि पुनर्विक्रीत भाव खाणाऱ्या स्नीकरलाच बहुतेक जागा मिळते. ज्यांच्यावर कंपनीचे नाव शोधूनही पटकन सापडत नाही, रंग पांढरा, करडा किंवा काळा असतो आणि तरीही किंमत नेहमीच्या बुटांच्या कितीतरी पट असते, अशा साध्या दिसणाऱ्या उंची स्नीकरची बोळवण मात्र ‘श्रीमंतांची हौस’ एवढ्या दोन शब्दांत होते. हे मला अन्यायाचे वाटते, म्हणून हा पत्रप्रपंच.

या बुटांचा साधेपणा कारागिराला फार महाग पडतो. रंगीत पट्ट्या, जाळी आणि नक्षी यांच्या आड वाकडी शिवण खपून जाते; एकरंगी, गुळगुळीत चामड्यावर मात्र एक टाका सरकला तरी तो नजरेत भरतो. शिवाय अशा बुटाचा वरचा भाग थोड्याच, पण मोठ्या तुकड्यांचा बनवतात. कातड्यावर जनावराला झालेल्या ओरखड्यांच्या आणि कीटकदंशाच्या खुणा असतात, पोटाकडचा भाग सैल असल्याने लवकर ताणला जातो आणि चुरगळतो; त्यामुळे मोठा, निर्दोष तुकडा काढायचा तर एका कातड्यातून जोड कमी निघतात. स्वस्त बुटांत बहुधा चामड्याचा पृष्ठभाग घासून त्यावर रंगाचा जाड थर चढवतात. तो थर नवेपणी झकास दिसतो, पण चालताना चवडा जिथे दुमडतो नेमक्या त्याच जागी पुढे त्याला तडे जातात आणि पापुद्रे सुटू लागतात. न घासलेल्या चांगल्या चामड्याला तिथे मऊ सुरकुत्या पडतात, आणि थोडी निगा राखली तर बूट त्या सुरकुत्यांसह अधिकच शोभून दिसतो.

तळाचेही तसेच आहे. वाटीसारख्या कडा असलेला रबरी तळ वरच्या भागाला चिकटवून, शिवाय कडेने सर्व बाजूंनी शिवलेला असेल, तर नुसत्या डिंकावर तो अवलंबून राहत नाही. आतले अस्तर चामड्याचे असेल तर ते घाम शोषते. फक्त तो सुकायला एक दिवस उसंत द्यावी लागते, म्हणून दोन जोड आलटून पालटून घालणे उत्तम. याउलट पॉलियुरेथेन फोमचा तळ हवेतल्या दमटपणाने हळूहळू विघटित होतो आणि खोक्यात न वापरता ठेवलेल्या बुटाचाही चुरा होऊ शकतो. जपून ठेवण्यासाठी महाग बूट घेणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावे. बूट रोज पायात असावा, हेच मला तरी त्याचे खरे भाग्य वाटते.

हा साधेपणा आजकालचा नव्हे. १९६०च्या दशकात फ्रेंच टेनिसपटू रॉबेर हायेसाठी आदिदासने पांढऱ्या चामड्याचा जो बूट काढला आणि ज्याला पुढे १९७२चा विम्बल्डन विजेता स्टॅन स्मिथ याचे नाव मिळाले, त्यावर कंपनीच्या तीन पट्ट्यासुद्धा केवळ बारीक छिद्रांच्या ओळींनी दाखवलेल्या होत्या. २००४मध्ये सुरू झालेल्या कॉमन प्रोजेक्ट्स या बुटांच्या कंपनीने तीच वाट पुढे नेली. इटलीत बनणाऱ्या त्यांच्या ‘अकिलीस’ या बुटावर टाचेजवळ सोनेरी आकड्यांची एक छोटी ओळ असते आणि तिच्यात नमुना, माप आणि रंग यांची नोंद असते. पुढे जाणकारांसाठी ते आकडेच ओळखचिन्ह ठरले, हेही खरे. तेव्हा सगळी किंमत चामड्याची आणि टाक्यांचीच असते असे मी म्हणणार नाही. तिच्यात नावाचा वाटाही असतो, आणि काही कंपन्यांच्या बाबतीत तो फारच मोठा असतो.

तरीही रोजच्या वापरासाठी या बुटांकडे ओढा का वाढतो, हे मला पूर्ण समजते. सकाळी कामावर घातलेला जोड संध्याकाळी एखाद्या समारंभातही खटकत नाही, कपड्यांशी त्याचे भांडण होत नाही आणि पुढच्या हंगामात तो जुनाट वाटत नाही. धावण्यासाठी तो जड पडतो, त्याचा तो हेतूही नाही.

माझी विनंती एवढीच की, यापुढे आपल्या पुरवणीत बुटांची ओळख करून देताना रंग आणि किमतीबरोबर चामड्याचा पृष्ठभाग मूळचा आहे की घासून रंगवलेला, तळ शिवलेला आहे की नुसता चिकटवलेला, आणि झिजल्यावर तो बदलून मिळतो की नाही, ही माहितीही आवर्जून छापावी. दुकानात या प्रश्नांची उत्तरे सहसा मिळत नाहीत, आणि एवढी किंमत मोजणाऱ्याला ती मिळायलाच हवीत.

कळावे,

आपला नम्र,
एक नियमित वाचक