सूचना : रात्रीच्या जेवणाचे फोटो पाठवताना

सर्व सभासदांना नमस्कार,

गोव्यात १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरची मासेमारी बंद असते, त्यामुळे सध्या ताटात सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर म्हणजे खोबरे घालून केलेली कोशिंबीर, तायखिळ्याची (टाकळ्याची) भाजी आणि मिश्र भाज्यांचे खतखते जास्त दिसते आहे. फार बरे वाटते. पण नुसता फोटो आला की करून बघणाऱ्याची पंचाईत होते. म्हणून कृपया सोबत चार ओळी लिहाच : नारळ किती, आंबटाला सोलं (आमसुलं), चिंच की आंबाडे, आणि मिरची कुठली. काणकोणची खोला मिरची आणि बाजारातली बेडगी यांच्या तिखटात पुष्कळ फरक आहे, नुसते ‘चार मिरच्या’ पुरत नाही.

तिरफळे (माशांच्या कालवणात घालायचा मसाला) वाटावीत का, अशी पुन्हा विचारणा झाली. ती वाटणात वाटू नयेत. काळी बी काढून साले जराशी ठेचावी आणि हुमण (माशांचे कालवण) उकळताना शेवटी घालावी, नाहीतर कडवटपणा उतरतो.

तायखिळ्याचा पाला कोवळा आहे तोवरच खुडा. त्यात फणसाच्या बिया घालणाऱ्यांनी त्या आधी किती वेळ शिजवल्या तेही कळवावे, नवख्यांचे तिथेच अडते.

शिवराक (शाकाहारी) जेवणाच्या पोस्टवर तसे लिहावे. सोमवार पाळणारी घरे आपल्यात बरीच आहेत.