एक तारखेपासून

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

मी राजीनामा दिला आहे आणि तो मंजूरही झाला. ३१ तारखेला ऑफिसचा शेवटचा दिवस. एक तारखेपासून मी पूर्ण वेळ योग शिकवणार. ठरवून झाल्यावर कळवते आहे, याने तुम्हाला थोडं लागेल हे कळतंय मला. म्हणून सविस्तर लिहिते. फोनवर निम्मंच बोलणं होतं, आणि बाबांना आकडे कागदावर दिसल्याशिवाय चैन पडत नाही.

आई, तुझं आधी. जेवणाची आबाळ होणार नाही, उलट आता नऊ वाजता डबा न भरता अकराला घरी येऊन गरम पोळी खाईन. पोळ्यांच्या मावशी तशाच येणार आहेत. घर तेच, मालकीणबाई त्याच. हॉल चालत दहा मिनिटांवर आहे, त्यामुळे पहाटे अंधारात स्कूटर काढायची नाही. रात्री दहाला झोपते. दूध घेते.

बाबा, तुमच्या मनात अप्पाकाकांचं दुकान आलं असणार. माझ्याही आलं. म्हणून तर इतकी वर्षं नोकरी सांभाळून सकाळची बॅच घेत राहिले आणि तिच्यावर भाडं नि किराणा निघतो का ते बघत राहिले. आता निघतो. वर्षभराचा घरखर्च वेगळ्या एफडीत ठेवलाय, ती मोडायची नाही. पीएफला हात लावणार नाही. कंपनीचा आरोग्य विमा संपायच्या आत स्वतःचा घेतला. तुमच्या दोघांच्या पॉलिसीचा हप्ता आणि दरमहा पाठवते ती रक्कम, यात एका रुपयाचाही फरक पडणार नाही. सुरुवातीला कमाई पगारापेक्षा कमी असेल, हे खरं आहे. पण ती किती कमी असेल हे मला माहीत आहे, आणि तेवढ्यात भागतं.

या कामात माणसं का टिकत नाहीत, हे मी जवळून पाहिलंय. पहाटे एका सोसायटीत, मग जिममध्ये, दुपारी कुठल्या तरी कंपनीत, संध्याकाळी घरोघरी, असं दिवसभर गावभर फिरायचं. प्रत्येक तासाला प्रत्येक आसन स्वतः करून दाखवायचं. दोन-तीन वर्षांत आवाज बसतो, मांडीच्या मागचा स्नायू बैठकीच्या हाडापाशी दुखायला लागतो, आणि मग विश्रांती घ्यावी तर त्या महिन्याची कमाई शून्य. जानेवारीत गर्दी होते, फेब्रुवारीत निम्मी उरते. मे महिना आणि दिवाळी कोरडी. २०१५ पासून २१ जून साजरा होतो म्हणून जूनमध्ये सगळीकडून बोलावणी येतात, पण त्या एका दिवसावर वर्ष निघत नाही.

म्हणून मी माझा हिशोब वेगळा मांडलाय. दिवसाला तीनच तास शिकवायचं, रविवारी सुट्टी. आसन एकदा करून दाखवायचं, बाकी बोलून आणि हाताने दुरुस्त करायचं. फी तीन महिन्यांची आगाऊ. पहाटे साडेपाचला ऑनलाइन बॅच, त्यात बहुतेक न्यू जर्सीची मराठी मंडळी. त्यांचे तेव्हा रात्रीचे आठ वाजलेले असतात. (नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे जातात, मग सातच वाजतात आणि जेवणाच्या वेळेवरून कुरकुर सुरू होते.) त्यानंतर सातची हॉलमधली. आणि साडेनऊची ज्येष्ठांची, ती माझी सगळ्यांत आवडती.

या बॅचबद्दल सांगायलाच हवं. एक काकू आल्या तेव्हा जमिनीवर बसायलाच तयार नव्हत्या, बसलं तर उठवायला दोन माणसं लागायची. आम्ही खुर्चीपासून सुरुवात केली. मग भिंत, मग दोरी. परवा त्या चटईवर कुशीवर वळल्या, एक गुडघा टेकवला, खुर्चीच्या बैठकीवर दोन्ही तळवे ठेवले आणि उठल्या. कोणी हात दिला नाही. उभ्या राहून साडीच्या निऱ्या सारख्या केल्या आणि मला म्हणाल्या, "आता देवघरात खाली बसता येईल." माझे डोळे भरून आले. अशी माणसं जानेवारीत येऊन फेब्रुवारीत जात नाहीत. ती वर्षानुवर्षं येतात, आणि साठीतही मी त्यांना शिकवू शकेन, कारण तिथे मला पायाची घडी मानेवर घालून दाखवायची नसते.

बाबा, तुम्ही म्हणाल, योगगुरू बी. के. एस. अय्यंगार एखादेच होतात. खरं आहे. १९३७ मध्ये ते पुण्यात आले ते सहा महिन्यांपुरतं शिकवायला, आणि मॉडेल कॉलनीतली संस्था उभी राहायला १९७५ उजाडलं. मला एवढं मोठं काही करायचं नाही. पण घाई केली नाही तर हे काम माणसाला जन्मभर पुरतं, एवढं मी त्यातून घेतलं. आणि तुमच्यातल्या विज्ञानाच्या मास्तरांसाठी एक सांगते. लोणावळ्यात १९२४ साली कैवल्यधाम सुरू करणाऱ्या कुवलयानंदांनी आसनं आणि क्रिया एक्स-रे आणि दाबमापक लावून तपासल्या होत्या. मी त्या बाजूची आहे. गोळ्या बंद करा म्हणणारा योगशिक्षक दिसला तर त्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नये, असं मी माझ्या वर्गात स्पष्ट सांगते. आयुष मंत्रालयाच्या योग सर्टिफिकेशन बोर्डाची वेलनेस इन्स्ट्रक्टरची परीक्षा पास झाले आहे, प्रमाणपत्राची प्रत सोबत जोडली आहे. तुमच्या फाईलमध्ये लावा.

आणि हे सगळं सुरू तुमच्यामुळेच झालं ना? मिरजेच्या गच्चीवर तुम्ही सूर्यनमस्कार घालायचात. तुम्ही पर्वतासनात गेलात की मी तुमच्या पोटाखालून सरपटत पलीकडे जायची, आणि तुम्ही मुद्दाम जास्त वेळ थांबायचात. खालून आई दुधासाठी हाका मारायची. आपण दोघंही ओ द्यायचो नाही.

आई, स्थळांना काय सांगायचं हा प्रश्न तुला पडणार. सरळ सांग, योगशिक्षिका आहे, स्वतःची बॅच आहे. ज्यांना ते कमी वाटेल त्यांच्या घरी मला करमणार नाही, आणि तुलाही मला तिथे पाठवावंसं वाटणार नाही.

ऑनलाइन बॅच मिरजेहूनही घेता येते. त्यामुळे दर महिन्याला चार-पाच दिवस मी तिकडे असेन. रजेचा अर्ज नाही, रविवारी रात्री धावत गाडी पकडणं नाही. तुमच्या सगळ्या तपासण्यांना मीच येणार, दादाच्या वेळेसारखं व्हायला नको.

तोवर माझं ऐका. बाबा, वज्रासन बंद. गुडघा दुखत असताना दात-ओठ खाऊन बसायचं नाही. खुर्चीवर बसा, एक पाय समोर सरळ करा, मांडी आवळून पाच श्वास धरा, म्हणजे श्वास चालू ठेवून पाय धरा, मग दुसरा. आई, टीव्हीवर बघून कपालभाती करू नकोस, तुला बीपी आहे. श्वास कोंडायचा नाही. शवासनात डोक्याखाली चादरीची घडी घे. सकाळची गोळी चुकवायची नाही, चतुर्थी असली तरी नाही. लोणच्याची बरणी टेबलावरून हलव.

न्हाणीघरात धरायला दांडा बसवायला माणूस सांगितलाय, गुरुवारी येईल. पैसे दिले आहेत. त्याला परत पाठवू नका.

तुमची,
मनू