बाबांचा गुडघा आणि एक्झोसोम

प्रिय आई-बाबा,

बाबा, तुम्ही ग्रुपवर टाकलेली ती गुडघ्यात एक्झोसोमचं इंजेक्शन देणाऱ्या क्लिनिकची जाहिरात बघितली, खाली तुमचा मेसेज, "हे तुझंच ना गं?" हो, शब्द माझाच आहे, दिवसभर मी त्यावरच काम करते, पण ते इंजेक्शन घेऊ नका. का नको ते लिहूनच सांगते, फोनवर सुरू केलं की तुम्ही "बरं बरं, हे घे आईशी बोल" म्हणता.

आपल्या पेशींमधून सतत बारीक पिशव्या बाहेर पडत असतात, साधारण 30 ते 150 नॅनोमीटरच्या, साध्या मायक्रोस्कोपखाली दिसतही नाहीत. त्या म्हणजे एक्झोसोम. 1983 च्या सुमारास मॉन्ट्रियलला रोझ जॉनस्टन बाईंना त्या मेंढीच्या कोवळ्या रक्तपेशींमधून निघताना सापडल्या आणि मग बरीच वर्षं लोकांना वाटत होतं की पेशी कचरा बाहेर टाकतेय, बाकी काही नाही. 2007 मध्ये स्वीडनच्या लोकांनी दाखवलं की आत आरएनए, म्हणजे कुठलं प्रोटीन बनवायचं ते पेशीला सांगणारी चिठ्ठी, असतो आणि दुसऱ्या पेशीत पोचला की तिथे तो कामालाही लागतो. आई, तू मला हॉस्टेलवर एसटीच्या कंडक्टरकडून डबा पाठवायचीस ना, तसंच समज, फक्त या डब्यावर नाव नसतं आणि आत काय येणार ते पाठवणाऱ्याच्या घरी काय शिजलंय त्यावर.

आता पाठवणारी पेशी कॅन्सरची असेल तर? मी बघते तो घशाचा कॅन्सर एचपीव्ही नावाच्या व्हायरसमुळे होतो, टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी. हाच व्हायरस बायकांना गर्भाशयमुखाचा कॅन्सर देतो, बहुतेक वेळा त्यातला 16 नंबरचा प्रकार. आपल्याकडे तोंडाचा कॅन्सर म्हटलं की तंबाखू-गुटखा, आणि ते खरंच आहे, पण इथे अमेरिकेत सुपारीचं खांडही तोंडात न टाकलेली माणसं मानेत गाठ आली म्हणून येतात. व्हायरसची ई6 आणि ई7 नावाची दोन प्रोटीन्स असतात, ती पेशीचे दोन मोठे ब्रेक, पी53 आणि आरबी, निकामी करतात, मग पेशी वाढतच सुटते. आणि हेच ई6, ई7 तिच्या एक्झोसोममध्येही सापडतात, म्हणजे व्हायरसचं सामान रक्तातून फिरतं.

लॅबमध्ये मी करते काय, तर पेशंटचा गोठवलेला प्लाझ्मा, म्हणजे पेशी काढून टाकलेलं रक्ताचं पाणी, बर्फावर वितळवायचा, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचा, गाळायचा आणि जेल भरलेल्या काचेच्या नळीतून थेंब थेंब खाली सोडायचा. मोठ्या पिशव्या आधी उतरतात, सुटी प्रोटीन्स मागून, आणि चौथ्या मिलिलिटरमध्ये आपला माल येतो. दिसायला नुसतं पाणी! पण त्यात पीडी-एल1 सारखी प्रोटीन्स असतात, आपल्या टी-पेशींना, म्हणजे कॅन्सरशी लढणाऱ्या प्रतिकारशक्तीच्या शिपायांना, गप्प बसवणारी, त्यामुळे गाठ असते घशात आणि प्रतिकारशक्ती ढिली पडते लांब कुठेतरी. गंमत अशी की पिट्सबर्गच्या थेरेसा व्हाइटसाइड यांच्या ग्रुपला दिसलं, टी-पेशींना दोन्हीकडचे एक्झोसोम दाबतात, एचपीव्हीवाल्या कॅन्सरचे आणि त्याशिवायच्या कॅन्सरचेही, पण डेंड्रिटिक पेशींना, ज्या शत्रू कोण ते टी-पेशींना दाखवतात, त्यांना एचपीव्ही नसलेल्या कॅन्सरचेच जास्त बिघडवतात. एचपीव्हीवाले पेशंट उपचारांना चांगले साथ देतात, 2010 च्या एका मोठ्या अभ्यासात 3 वर्षांनंतर त्यांच्यातले 82 टक्के हयात होते आणि बाकीच्यांतले 57 टक्के, तर त्यामागचं एक कारण हे असू शकतं असं मला वाटतं, अजून सिद्ध व्हायचंय.

तर बाबा, सांगायचं एवढंच की एक्झोसोम म्हणजे काही टॉनिक नाही, आत काय आहे त्यावर सगळं. मी एका नळीत काय आहे ते तपासण्यात आठवडे घालवते, आणि त्या जाहिरातीत कुठल्या पेशींपासून काढले, कसे तपासले, एक ओळ नाही, नुसता हसऱ्या आजोबांचा फोटो. इथल्या एफडीएने, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने, अजून एकाही एक्झोसोम उत्पादनाला मंजुरी दिलेली नाही, 2019 मध्ये नेब्रास्कात असली इंजेक्शनं घेऊन लोकांना त्रास झाला तेव्हा जाहीर इशाराही दिला होता. तुम्ही आधी फिजिओने दिलेले मांडीचे व्यायाम करा, आई म्हणते चार दिवसांत सोडलेत. एक्सरे मला पाठवा, ऑर्थोच्या डॉक्टरांशी मी बोलते.

आणि आई, दादाची परी नऊ वर्षांची झाली ना? एचपीव्हीची लस घ्यायला सांग त्याला, पुण्याच्या सीरमची सर्वाव्हॅक मिळते, त्यात हा 16 नंबर आहे, लहान वयात दोन डोसांत काम होतं. मुलग्यांनाही चालते, म्हणजे पुढच्या वर्षी ओमचंही उरकून टाका. वहिनीला काही शंका असेल तर शनिवारी रात्री तुमच्या वेळेने फोन कर म्हणावं, मी घरीच आहे.

तुमची,
मनू