खोक्यावर छापलेल्या फाइली टीव्हीवर चालत नाहीत, त्याबाबत तक्रार

दांडिया बाजार, बडोदे
२० जानेवारी २०२५

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग,
पुणे कार्यालय

विषय : ४३ इंची टीव्हीवर यूएसबीमधून कॅमेऱ्याचे व्हिडिओ न चालणे, आणि तीन वेळा तक्रार करूनही ती परस्पर ‘निकाली’ काढणे.

महोदय,

हे पत्र मुद्दाम मराठीत लिहितो आहे. तुमच्या हेल्पलाइनवर हिंदी, इंग्रजी आणि गुजराती अशा तिन्ही भाषांत बोलून झालं. गुजराती मला उत्तम येते, जन्म बडोद्यातला. पण राग मराठीतच नीट मांडता येतो, आणि तुमच्या कार्यालयाचा पत्ता पुण्याचा आहे, तेव्हा वाचणारं कोणी तरी असेलच.

दसऱ्याला, म्हणजे १२ ऑक्टोबर २०२४ ला, रावपुऱ्यातल्या दुकानातून मी तुमचा टीव्ही ३४,९९० रुपयांना घेतला. बिलाची प्रत सोबत आहे. मालिका आणि बातम्यांना जुना टीव्ही पुरेसा होता. नवा घेतला तो एकाच कारणासाठी. घरात सोळा-सतरा वर्षांचे व्हिडिओ तीन वेगवेगळ्या कॅमेऱ्यांवर साठले आहेत, आणि आईला वयाच्या ८६ व्या वर्षी लॅपटॉपच्या पडद्यावर माणसं ओळखू येत नाहीत. दुकानात मी विक्रेत्याला दोनदा विचारलं, ‘कॅमेऱ्याचे व्हिडिओ पेनड्राइव्हवरून चालतील ना?’ त्याने तोंडाने उत्तर दिलं नाही, खोकं फिरवून दाखवलं. त्यावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं : यूएसबी मूव्ही – एमपी४, एव्हीआय, एमकेव्ही, एमओव्ही. मी ते वाचलं आणि पैसे मोजले.

भाऊबीजेला, ३ नोव्हेंबरला, इंदूरची थोरली बहीण आणि ग्वाल्हेरची धाकटी अशा दोघी सहकुटुंब आल्या होत्या. घरात चौदा माणसं. सेवउसळीचं पातेलं मधोमध, आई खुर्चीत सगळ्यांत पुढे. मी पेनड्राइव्ह लावला.

पहिली फाइल २००८ सालची, साध्या डिजिटल कॅमेऱ्यातली. सुरसागरावरचं गणपती विसर्जन. एव्हीआय. पडद्यावर आलं : ‘ही फाइल समर्थित नाही.’

दुसरी फाइल २०१३ सालची, बाबांच्या सहस्रचंद्रदर्शनाची, हँडीकॅमवर घेतलेली. ती तर यादीत दिसलीच नाही. फोल्डर उघडलं तर रिकामं. धाकटी म्हणाली, ‘दादा, पुसून तर नाही ना गेली?’ त्यानंतर पाच मिनिटं माझी काय अवस्था झाली ते लिहीत नाही. बाबा २०१६ मध्ये गेले. ती एकच फाइल आहे.

तिसरी नातीच्या बारशाची, २०२३ ची, पुतण्याच्या मिररलेस कॅमेऱ्यावरची. ही चालली! चित्र असं स्वच्छ, की पाळण्याला बांधलेल्या झेंडूची पाकळी न् पाकळी दिसावी. पण आवाज नाही. बायका पाळणा म्हणताहेत, सगळ्यांची तोंडं हलताहेत, आणि टीव्हीतून चकार शब्द नाही. आईला वाटलं तिच्याच कानाचं यंत्र बंद पडलं. ते तिने काढलं, पुसलं, पुन्हा घातलं. त्याच बारशाचा उत्तरार्ध पुतण्याने कॅमेऱ्याची सेटिंग बदलून घेतला होता. त्याला तर चित्रच नाही, नुसता काळा पडदा.

आता तुमच्या सेवेबद्दल. पहिल्या फोनवर ‘टीव्ही फॅक्टरी रीसेट करा’ असं सांगितलं. केला. सगळे पासवर्ड पुन्हा घालावे लागले, बाकी काही बदललं नाही. दुसऱ्या फोननंतर तंत्रज्ञ घरी आला. मुलगा सज्जन होता, चहाही घेतला. त्याने खिशातून स्वतःचा पेनड्राइव्ह काढला, त्यावरचं एक सिनेमाचं गाणं लावलं, ते वाजलं. ‘काका, टीवी तो बराबर छे. तमारी फाइलमां प्रॉब्लेम छे.’ तो जिना उतरेपर्यंत माझ्या मोबाइलवर संदेश आला, की तुमच्या तक्रारीचं समाधान झालं आहे. तिसऱ्या वेळी तर कोणी आलंही नाही, तरीही समाधान झालं.

मी मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात ३१ वर्षं ड्रॉइंग ऑफिसात काढली आहेत. ‘फाइलमध्ये प्रॉब्लेम’ या वाक्यावर मी गप्प बसणं शक्य नव्हतं. त्याच फाइली लॅपटॉपवर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये बिनतक्रार चालतात. पुतण्याचा कॅमेरा एचडीएमआयच्या वायरीने थेट तुमच्याच टीव्हीला जोडला, तर त्याच पडद्यावर, त्याच स्पीकरमधून पाळणा ऐकू आला. म्हणजे फाइल निरोगी, पडदा निरोगी, स्पीकर निरोगी. दोष मधे कुठे तरी आहे, आणि तो शोधायला मला डिसेंबर महिना लागला.

एमपी४, एव्हीआय, एमओव्ही ही वेष्टनाची नावं आहेत. आत चित्र कोणत्या पद्धतीने दाबून भरलंय आणि आवाज कोणत्या पद्धतीने, ते त्या नावावरून कळत नाही. त्या पद्धतीला कोडेक म्हणतात, आणि फाइल चालणं त्यावर ठरतं. तुमच्या खोक्यावर कोडेकचा उल्लेख कुठेही नाही. आमच्या धंद्यात नटावर नुसतं ‘एम १०’ लिहून भागत नाही. एम १० मध्ये पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १.५ मिलिमीटरचा असतो आणि १.२५ चाही असतो. दोघांचा व्यास तोच, पण एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर दीड आट्यात अडकतो. ड्रॉइंगवर बारीक पिच लिहायचा राहिला आणि माल परत आला, तर ‘ग्राहकाच्या बोल्टमध्ये प्रॉब्लेम’ असं सांगायची आमची छाती नव्हती.

आता एकेक फाइल घ्या.

२००८ ची एव्हीआय मोशन जेपेग पद्धतीची आहे. त्या काळच्या पुष्कळशा छोट्या कॅमेऱ्यांत हीच पद्धत होती. यात प्रत्येक फ्रेम म्हणजे एक स्वतंत्र जेपेग फोटो, आणि माझ्या कॅमेऱ्यात असे सेकंदाला ३० फोटो, ६४० बाय ४८० चे. तुमचा टीव्ही जेपेग फोटो झकास दाखवतो, मी शेकडो पाहिले. तेच फोटो एकामागोमाग आले की मात्र त्याला ते ओळखू येत नाहीत. आणि एव्हीआय हे नाव तुम्ही स्वतः खोक्यावर छापलेलं आहे.

२०१३ ची फाइल एव्हीसीएचडीची, शेपटी ‘एमटीएस’. सोनी आणि पॅनासॉनिक यांनी २००६ मध्ये आणलेलं हे स्वरूप, आणि पुढे कित्येक घरांतल्या लग्नमुंजी याच स्वरूपात कॅमेऱ्यात गेल्या. ही फाइल टीव्हीच्या यादीत दिसत नाही. एका रात्री वैतागून मी लॅपटॉपवर फक्त नाव बदललं. ‘एमटीएस’ खोडून ‘टीएस’ केलं, आतल्या एका बिटलाही हात लावला नाही. टीव्हीला लावलं आणि बाबा समोर! चित्रासह, आवाजासह. म्हणजे तुमच्या टीव्हीला ती फाइल पहिल्या दिवसापासून वाचता येत होती. तो नुसतं आडनाव ऐकून दारातूनच परत पाठवत होता. चौदा माणसांसमोर फोल्डर रिकामं दाखवलं, ते एवढ्यासाठी.

खोक्यावर जे छापलंय ते चालत नाही, आणि जे छापलेलं नाही ते नाव बदललं की चालतं. याला काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा.

बारशाच्या पहिल्या भागात चित्र एच.२६४ या कोडेकचं आहे, ते तुमच्या टीव्हीला येतं. आवाज आहे एलपीसीएम, म्हणजे अजिबात न दाबलेला, कच्चा आवाज. इथे माझं डोकं खरं तापतं. दाबलेला आवाज उलगडायला डीकोडर लागतो, कोणाचं लायसन्स लागतं, हे मी समजू शकतो. इथे उलगडायलाच काही नाही. आकडे सरळ स्पीकरकडे पाठवायचे. ही अडचण चिपची नाही, तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणी तरी एक ओळ लिहायची टाळली आहे.

उत्तरार्धाबद्दल मात्र माझी तक्रार नाही. पुतण्याने तो १० बिट, ४:२:२ मध्ये, म्हणजे रंगाची माहिती जास्त ठेवणाऱ्या पद्धतीत घेतला. घरगुती टीव्हीच्या चिपा सहसा ८ किंवा १० बिटच्या ४:२:० साठी बनवलेल्या असतात, हे मी वाचलं, आणि पुतण्याला चार शब्दही सुनावले. पण ती मर्यादा खोक्यावर नाही तर निदान पुस्तिकेत तरी असायला हवी. पुस्तिकेत आहे काय? टीव्हीच्या आतल्या ई-मॅन्युअलमध्ये, शेवटून दुसऱ्या पानावर एक वाक्य : ‘एन्कोडिंगनुसार काही फाइल चालणार नाहीत.’ कोणत्या, ते नाही. आणि ते पान वाचायला टीव्ही आधी विकत घ्यावा लागतो.

तुमच्या हेल्पलाइनने शेवटी सल्ला दिला, की फाइली कन्व्हर्ट करून घ्या. तेही केलं. हँडब्रेक नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम आहे, त्याने सहस्रचंद्रदर्शनाची फाइल बदलून पाहिली. लॅपटॉप रात्रभर पंख्यासारखा घरघरत होता. मूळ चित्रण इंटरलेस्ड, सेकंदाला ५० अर्ध्या फ्रेमचं. ते २५ पूर्ण फ्रेमचं झालं आणि चित्र एकदा दाबलेलं होतं ते पुन्हा दाबलं गेलं. बाबांना ओवाळताना निरांजनांचं ताट फिरतं, तिथे ज्योतींचे चौकोनी ठोकळे पडले. तेव्हा हा सल्ला मी स्वीकारलेला नाही. एका विक्रेत्याने अडीच हजारांचा वेगळा मीडिया प्लेअर घ्या असंही सुचवलं. मग टीव्हीतल्या यूएसबीच्या भोकात उदबत्ती लावायची का?

एक गोष्ट राहिली, आणि ती माझ्या मते सगळ्यांत गंभीर आहे. पुतण्याच्या कॅमेऱ्यातलं ६४ जीबीचं कार्ड आम्ही रीडरमधून थेट टीव्हीला लावलं, तर टीव्हीने विचारलं : ‘हे उपकरण वापरण्यासाठी फॉरमॅट करायचे?’ आणि रिमोटने हलणारा निवडीचा ठसा आधीच ‘होय’ वर. माझ्या नऊ वर्षांच्या भाचेनातवाचं बोट बटणावर होतं. मी ओरडलो म्हणून वाचलो. ३२ जीबीच्या वरची एसडी कार्डं फाइली साठवण्याच्या एक्सफॅट या रचनेत येतात, त्या कार्डांचं, म्हणजे एसडीएक्ससीचं, मानकच तसं आहे आणि ते २००९ पासूनचं आहे. जुन्या फॅट३२ मध्ये ४ जीबीहून मोठी एक फाइल मावत नाही. बाबांचा कार्यक्रम एक तास चाळीस मिनिटांचा, सेकंदाला १७ मेगाबिटने तो पावणेतेरा जीबी भरतो. म्हणजे सलग ठेवायचा तर फॅट३२ पुरत नाही, आणि तुमच्या टीव्हीला एक्सफॅट कळत नाही. नाही तर नाही, तसं सांगा. पण न समजलेलं पुसून टाकायला निघणारं यंत्र घरात ठेवायला भीती वाटते.

माझ्या मागण्या फार नाहीत. एलपीसीएम आवाज, मोशन जेपेग आणि ‘एमटीएस’ नावाच्या फाइली चालतील असा सॉफ्टवेअर अपडेट द्या. यातली शेवटची गोष्ट तुमच्या माणसाला दुपारच्या जेवणाआधी जमावी. फॉरमॅटच्या प्रश्नावर ठसा ‘नाही’ वर ठेवा, आणि आत फाइली असू शकतात हे तिथेच लिहा. हे जमत नसेल तर टीव्ही परत घेऊन ३४,९९० रुपये द्या. आणि इथून पुढच्या खोक्यांवर वेष्टनाच्या नावाशेजारी चित्राचा आणि आवाजाचा कोडेकही छापा. ‘समाधान झालं’ हे संदेश मागे घेऊन तक्रार पुन्हा उघडल्याचं लेखी कळवा, हे सांगायला नको.

उत्तरासाठी ३० दिवस वाट पाहीन. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(९) नुसार वस्तूचा दर्जा आणि मानक यांची माहिती मिळणं हा माझा हक्क आहे. कलम ३४ नुसार मी जिथे राहतो तिथल्याच जिल्हा आयोगात दाद मागता येते, त्यासाठी मला पुण्याला यावं लागणार नाही. मुदत दोन वर्षांची असते. मी निवृत्त माणूस आहे, वेळ भरपूर आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक फ्रिजवर चिकटवून ठेवला आहे.

सोबत बिलाची प्रत, खोक्याच्या त्या बाजूचा फोटो, तुमचे तीन संदेश आणि एक पेनड्राइव्ह जोडला आहे. पेनड्राइव्हवर चारही प्रकारच्या फाइलींचे एकेक मिनिटाचे नमुने आहेत. तुमच्या अभियंत्यांनी ते आपल्याच टीव्हीवर लावून पाहावेत. पाळण्याचा तुकडा मुद्दाम ठेवला आहे, आवाज आला की नाही ते त्यावरून चटकन कळेल.

पेनड्राइव्ह ३२ जीबीचा आहे, तो परत पाठवावा. टीव्हीने काही विचारलं तर कृपया ‘होय’ दाबू नये.

आपला,
एक ग्राहक
(नाव, पत्ता व टीव्हीचा अनुक्रमांक बिलाच्या प्रतीवर)