माझ्याच घटस्फोटात मी परकी? केंद्रीय विधी व न्याय मंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय विधी व न्याय मंत्री,
नवी दिल्ली

महोदय,

सविनय नमस्कार.

मी इंदूरची सत्तावन्न वर्षांची घटस्फोटित बाई. पाचवी ते आठवीच्या मुलांच्या शिकवण्या घेते, दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेते, आणि गेले सात महिने स्वतःच्या घटस्फोटाचा कागद शोधते आहे. मंगळवारी, अकराव्या फेरीला, माझा नकलेचा अर्ज परत आला. कोपऱ्यात निळ्या शाईने लिहिले होते, "आवेदक पक्षकार नहीं". अर्जदार पक्षकार नाही! ज्या खटल्यात मी पावणेतीन वर्षे दर पेशीला उभी राहिले, ज्यात माझ्या संसाराच्या चिंध्या माझ्यासमोर वाचल्या गेल्या, त्या खटल्यातली मी कोणी नाही. खिडकीतले बाबू म्हणाले, "मैडम, ये तो कोई दूसरी महिला है."

त्या न्यायालयाचे नाव मी लिहीत नाही. सासर ज्या जिल्ह्यात होते तिथले ते आहे, इंदूरहून बसने साडेतीन तास. तिथल्या खिडकीवर मला अजून उभे राहायचे आहे, म्हणून नाव नाही.

ही दुसरी महिला कोण, ते आपल्याला सांगते. १९९४ साली माझे लग्न झाले. आपल्या मराठी घरांत होते तसे ताटात तांदूळ पसरले, नवऱ्याने अंगठीने त्यावर माझे नवे नाव लिहिले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि पेढे वाटले. माझे नाव गेले, मधले वडिलांचे नाव गेले, आडनावही गेले. मूठभर तांदळावर तिन्ही बदलले. घटस्फोटानंतर मी माहेरचे नाव परत घेतले, आधार त्याच नावाचे, मतदार कार्डही त्याच नावाचे. न्यायालयाच्या वहीत मात्र तांदळातले नाव आहे. ही दोन्ही नावे एकाच बाईची, याचा पुरावा त्याच फाइलमध्ये आहे. माझ्या दाव्याच्या पहिल्याच परिच्छेदात वकीलसाहेबांनी लिहिले होते, विवाहापूर्वीचे नाव अमुक, वडिलांचे नाव तमुक. ती फाइल उघडून दाखवा म्हटले तर आधी पक्षकार असल्याचे सिद्ध करा. सिद्ध कशाने करू? त्या फाइलने. सात महिने मी या एकाच खुंट्याभोवती फिरते आहे.

एवढी धडपड कशासाठी, असे आपल्या मनात येईल. माझे वडील रेल्वे डाकसेवेत पत्रांची छाटणी करायचे. रात्रभर हलत्या डब्यात उभे राहून. १९९९ मध्ये ते गेले, आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळू लागले. मी २००९ च्या जूनमध्ये दावा दाखल केला. २०१० च्या नोव्हेंबरमध्ये आई गेली. निकाल लागला २०१२ च्या मार्चमध्ये. आई डोळे मिटताना "तुझं काय झालं गं कोर्टात" एवढेच विचारत होती. वडिलांच्या एका सोबत्याने गेल्या वर्षी घरी येऊन सांगितले तेव्हा मला कळले की केंद्र सरकारने १९ जुलै २०१७ रोजी आदेश काढला आहे. आई किंवा वडील हयात असताना मुलीने घटस्फोटाचा दावा दाखल केला असेल, तर निकाल त्यांच्यामागे लागला तरी ती कुटुंब निवृत्तिवेतनाला पात्र ठरते. किमान ९००० रुपये आणि वर महागाई भत्ता. माझ्या शिकवण्यांतून मिळते त्याच्या दुपटीहून जास्त. पेन्शनवाल्यांनी निकालाची प्रमाणित प्रत मागितली, दावा कधी दाखल झाला ते दाखवणारा कागद मागितला. त्यांचे काही चुकले नाही, तारखेवरच सगळे अवलंबून आहे. ती तारीख मला पाठ आहे. पण माझ्या पाठांतरावर पेन्शन निघत नाही.

आता कायद्याचे. हिंदू विवाह कायदा १९५५, कलम २३, पोटकलम ४. भाच्याने छापून आणून दिले तेव्हा मी दोनदा वाचले, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचले. घटस्फोटाचा हुकूमनामा, म्हणजे निकालावरून निघणारा न्यायालयाचा औपचारिक आदेश, होईल त्या प्रत्येक प्रकरणात न्यायालयाने दोन्ही पक्षकारांना त्याची प्रत विनामूल्य द्यायची आहे. मागणाऱ्याला द्यावी असे नाही, द्यायचीच आहे. आणि दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे निकालानंतर पंधरा दिवसांच्या आत हुकूमनामा तयार व्हायला हवा. १९७६ च्या दुरुस्तीपासून ही प्रत देण्याची तरतूद आहे. २०१२ मध्ये मला कोणी प्रत दिली? निकालाच्या दिवशी "नकल बाद में" असे सांगून पाठवले. पुढे वकीलसाहेबांनी एक झेरॉक्स दिली, तिच्यावर शिक्का नव्हता. भाड्याच्या खोलीत पाणी शिरले त्या पावसाळ्यात ती ट्रंकेच्या तळाशी लगदा झाली. वकीलसाहेब वारले. म्हणजे मी आज जे मागते आहे ते तुमच्या न्यायालयाकडे चौदा वर्षे थकलेले माझे देणे आहे. मी याचक म्हणून आलेले नाही!

पण वागवले कसे? पहिल्या फेरीला प्रकरण क्रमांक विचारला. नाही म्हटले. निकालाची तारीख विचारली. महिना सांगितला, तर महिन्यावर नकल निघत नाही. ई-कोर्टवर, म्हणजे न्यायालयांच्या संकेतस्थळावर, शोधा म्हणाले. भाच्याने मोबाइलवर बसून शोधले. पक्षकाराच्या नावाने शोधायचे तर वर्ष हवे, आणि नाव त्यांनी जसे टाकले असेल तसेच हवे. सासरच्या आडनावात "ळ" आहे. हिंदी कारकुनाला ळ दिसत नाही, तो ल लिहितो, कधी ड लिहितो, इंग्रजी अक्षरांत आणखी निराळे. आम्ही सात प्रकारे टाकून पाहिले. प्रत्येक खटल्याला संगणकावर मिळणारा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक हाती असता तर एका क्षणात निघाले असते, पण माझ्या वेळच्या कागदावर तो असल्याचे मला आठवत नाही. चौथ्या फेरीला एका म्हाताऱ्या शिपायाला दया आली. त्याने लाल कापडी बांधणीची जाडजूड वही काढली आणि मार्च २०१२ च्या पानांवरून बोट फिरवत नेले. पाने कडेला वाळवीने खाल्लेली. बोट थांबले. तांदळातले ते नाव, ळ चा ल झालेले, आणि पुढे क्रमांक. मी तिथेच बाकावर बसले. शिपायाने पाणी आणून दिले. या सगळ्या सात महिन्यांत माणूस म्हणून माझ्याशी वागलेला तो एकटा.

पुढच्या फेऱ्यांना फाइल अभिलेखागारात, मग अभिलेखागार दुसऱ्या इमारतीत, मग तिथले कारकून निवडणुकीच्या कामावर, मग सुट्टी. दरवेळी कोर्ट फीचे नवे टिकट, नवा अर्ज. आठव्या फेरीला कसलीशी सूची सापडली, ती बाबूंनी खिडकीतून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. पत्नीवर आरोप, पतीवर आरोप, क्रूरता, अमुक तारखेचे भांडण. माझ्या मागे पंधरा-वीस माणसे. एक कॉलेजचा मुलगा होता, त्याने मान खाली घातली. कलम २२ म्हणते की असे खटले बंद दाराआड चालवायचे, त्यातले छापायचे नाही, प्रसिद्ध करायचे नाही. ही गुप्तता कुणासाठी आहे, मंत्रिमहोदय? रांगेला माझी अब्रू ऐकता येते आणि मला माझा कागद बघता येत नाही.

माहितीच्या अधिकारात मागावे असे मनात आले. तर ४ मार्च २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आडवा आला, गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणातला. न्यायालयीन कागदांच्या नकला त्या त्या न्यायालयाच्या नियमांनीच घ्यायच्या. म्हणजे परत तीच खिडकी. मदतवाहिनीला फोन केला, न्यायालयाशी संबंधित तक्रार घेत नाही म्हणाले. बाहेर टेबल टाकून बसलेल्या एका वकिलांनी पाच हजार सांगितले, "आठ दिन में हाथ में". ज्या फाइलचा सात महिने पत्ता नाही ती आठ दिवसांत कुठून येणार होती? पाच हजार माझ्याकडे नव्हते. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत कायदेशीर मदत मिळते, हे मला नवव्या फेरीनंतर कळले. त्या न्यायालयाच्या आवारात हे सांगणारी एक पाटी मला दिसली नाही. चहाच्या दरांची पाटी मात्र तीन ठिकाणी आहे.

शेवटी पुण्याचा भाऊ माझ्या पूर्वीच्या नवऱ्याविषयी म्हणाला, "ताई, त्यांच्याकडे असेल की एक प्रत." होती. त्यांनी २०१३ मध्ये दुसरे लग्न केले, त्यासाठी नक्कल काढली होती, तीही चार दिवसांत. त्यांचे नाव कुणी तांदळावर बदलले नव्हते ना! मी चौदा वर्षांनी तो नंबर फिरवला. त्यांच्या पत्नीने उचलला. मी माझे नाव सांगितले, माहेरचे. "कोण?" म्हणाल्या. मी फोन ठेवला. ती रात्र मी कशी काढली ते इथे लिहीत नाही, पण ती रात्र माझ्यावर तुमच्या नोंदवहीने आणली.

आतापर्यंत बसभाडे, टिकटे, झेरॉक्स, बुडालेल्या शिकवण्या असे धरून माझे दहा-अकरा हजार गेले असतील, चिठ्ठ्या जपल्या नाहीत म्हणून पैशापैशाचा हिशेब देता येणार नाही. तुमचे आकडे मात्र छापलेले आहेत. ई-कोर्टच्या तिसऱ्या टप्प्याला २०२३ च्या सप्टेंबरमध्ये मंत्रिमंडळाने ७२१० कोटी मंजूर केले. त्यातले दोन हजार कोटींहून जास्त जुने कागद स्कॅन करून जपण्यासाठी. मग माझी चार पानांची फाइल वाळवीच्या वहीशेजारी का पडली आहे? जिल्हा न्यायालयांत चार कोटींहून अधिक खटले तुंबले आहेत हे तुम्ही रोजच्या रोज संगणकावर दाखवता. निकाल लागूनही ज्यांच्या हातात कागद पडला नाही अशा बायका किती, हे कुठे मोजता का?

तुम्ही म्हणाल, न्यायपालिका स्वतंत्र आहे, राज्यघटनेच्या अनुच्छेद २३५ प्रमाणे जिल्हा न्यायालयांवर उच्च न्यायालयाचे नियंत्रण असते, मंत्र्याचा त्यात हात नाही. ठीक आहे. न्यायाधीशांच्या निर्णयाविषयी मी एक शब्द बोलत नाही, निर्णय माझ्या बाजूने लागला होता. पण कपाटे, कारकून, संगणक, पाटी, यांत कसले स्वातंत्र्य आडवे येते? कायदा तुमच्या संसदेचा, पैसा तुमच्या अर्थसंकल्पाचा. तुम्ही बोट त्यांच्याकडे दाखवता, ते जबलपूरच्या उच्च न्यायालयाकडे दाखवतात, आणि मधल्या मध्ये बाई बसमध्ये बसून येते-जाते. या देशात बाईला ती कुणाची तरी आहे हे दाखवायला कागद लागत नाही, माझ्या लग्नाची कुठे नोंदही नव्हती आणि मी इतकी वर्षे कुणाची तरी बायको म्हणून खपले. ती कुणाची नाही हे दाखवायला मात्र शिक्का लागतो, सही लागते, टिकट लागते. विधवेला, परित्यक्तेला, सगळ्यांना.

३१ मे २०२५ ला भोपाळमध्ये अहिल्याबाईंच्या तीनशेव्या जयंतीला टपाल तिकीट निघाले, ३०० रुपयांचे नाणे निघाले. आम्ही इंदूरचे मराठी लोक. आमच्या घरात देवघराशेजारी त्यांची तसबीर आहे, हातात पिंड घेतलेली. त्या रोज स्वतः लोकांची गाऱ्हाणी ऐकत असत असे आमच्या आज्या सांगायच्या. मला ते तिकीट बघून वडील आठवले. अर्धा पत्ता असलेले, पावसात भिजलेले, शाई फुटलेले पाकीटसुद्धा ते दिव्याखाली धरून वाचायचे आणि बरोबर पिशवीत टाकायचे. "कुणीतरी वाट बघत असतं गं," म्हणायचे. माझी फाइल त्यांच्या हातात पडली असती तर दुसऱ्या दिवशी मिळाली असती.

मागणे फार नाही. कलम २३(४) ची प्रत निकालाच्या दिवशीच, सही घेऊन हातात द्या, तसा लेखी आदेश निघावा यासाठी उच्च न्यायालयांना पत्र लिहा. नोंदवहीत आणि संगणकात बाईचे माहेरचे नाव वेगळ्या रकान्यात घाला, म्हणजे दोन्ही नावांनी शोधता येईल. जुन्या घटस्फोटांचे निकाल आधी स्कॅन करा, कारण त्यांच्यावर कुणाची तरी पेन्शन, कुणाचे तरी दुसरे लग्न अडलेले असते. आणि साडेतीन तास बसने न जाता इंदूरच्या न्यायालयातून अर्ज करून प्रमाणित प्रत मिळेल अशी सोय करा. दोन नावे एकाच बाईची आहेत हे तपासायला फाइलचे पहिले पान उघडावे, एवढे कुणीतरी त्या बाबूंना सांगा.

सोमवारी मी बाराव्यांदा जाणार आहे. साडेदहाला खिडकी उघडते. सोबत आधार, दोन नावांचे प्रतिज्ञापत्र, शाळेचा दाखला आणि भाच्याने छापून दिलेले कलम असेल. लग्नातला एक फोटोही घेतला आहे. त्यात माझ्या मांडीवर ते ताट आहे, आणि भिंग धरले तर तांदळावरचे नाव वाचता येते. ळ सकट.

आपली,
रेल्वे डाकसेवेतल्या एका सॉर्टरची लेक,
इंदूर