पैज हरलो, त्याचं पत्र

पुणे, रविवार दुपार

प्रिय सुध्या,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. फोनवर बोललो असतो तर पहिल्याच वाक्याला तू खिदळून विचका केला असतास, म्हणून लिहितोय.

आठवीत ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाच्या त्या चांद्रसफरीच्या कादंबरीवरून आपण आठ दिवस अबोला धरला होता, आठवतंय? तू म्हणालास, ‘‘तोफेत माणसं घालून बार उडवला तर ती चंद्रावर कशाला जातील? तिथंच पिठलं होईल त्यांचं.’’ मी व्हर्नच्या बाजूनं. पैज दोन प्लेट मिसळीची. निकाल लागला नाही, कारण गणित दोघांचंही कच्चं होतं.

परवा पुस्तक पुन्हा हातात घेतलं आणि या वेळी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. तोफ ९०० फूट लांब, जमिनीत उभी ओतलेली. गोळ्याचा वेग सेकंदाला १२ हजार यार्ड, म्हणजे जवळजवळ ११ किलोमीटर. वेग चोख आहे बरं का, पृथ्वीची ओढ तोडायला जवळपास तेवढाच लागतो. घोळ पुढे आहे. शून्यापासून तिथवर पोचायचं ते त्या ९०० फुटांतच! हिशेब केला तर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २२ हजार पट दणका येतो. साठ किलोचा माणूस त्या क्षणी तेराशे टनांचा. तुझ्या कारखान्यातला सगळ्यात मोठा प्रेस किती टनांचा आहे रे? आणि व्हर्नसाहेबांनी धक्का सोसायला पायाखाली काय ठेवलंय, तर तीन फूट पाणी.

तेव्हा पिठलंच. मान्य.

पण एक सांगू? तो सापडला, कारण त्यानं आकडे दिले. एच. जी. वेल्सनं १९०१ मध्ये आपल्या चांद्रसफरीच्या कादंबरीत गुरुत्वाकर्षण अडवणारा पदार्थच कल्पून टाकला आणि मोकळा झाला. त्याच्याशी भांडायला जागाच नाही. व्हर्न मात्र दारूगोळा किती, बिडाची भिंत किती जाड, सगळं मांडून बसतो. चूक काढायला जणू बोलावतोच.

आणि लहानपणी आपल्या एक गोष्ट लक्षातच आली नव्हती. हे पुस्तक भयंकर विनोदी आहे! अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलंय आणि बाल्टिमोरच्या गन क्लबातले तोफवाले बेकार झालेत. सगळे लढाईत मोडलेले. चार जणांत मिळून एक हात धड नाही, सहा जणांत मिळून दोन पाय. सेक्रेटरी मॅस्टनच्या हाताच्या जागी लोखंडी आकडा. तो तर इंग्लंडची कुरापत काढून नवी लढाई उकरू म्हणतो. म्हणजे चंद्र हे निमित्त, खरं दुःख तोफ गप्प बसल्याचं. पुढे जगभर वर्गणी निघते. रशिया साडेतीन लाखांवर रूबल देतो. इंग्लंड एक छदामही देत नाही. कारण काय, तर दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ न करण्याचं आमचं तत्त्व! मी एकटाच मोठ्यानं हसलो, बायको स्वयंपाकघरातून डोकावून गेली.

तोफ ओतायची कुठे यावरून टेक्सास आणि फ्लोरिडा हमरीतुमरीवर येतात. चंद्र बरोबर डोक्यावर यायला हवा, म्हणून विषुववृत्तापासून २८ अंशांच्या आतली जागा पाहिजे. शेवटी फ्लोरिडातलं टँपा. अपोलो ११ सुद्धा फ्लोरिडातूनच उडालं, तेही तिघांना घेऊन, आणि परतताना प्रशांत महासागरात पडलं. दुसऱ्या भागात व्हर्नचे गोळ्यातले तिघेही तिथंच पडतात. परतीच्या वाटेवर आर्मस्ट्राँगनं व्हर्नची आठवण काढली, फक्त त्याच्या यानाचं नाव ‘कोलंबिया’ म्हणून सांगितलं. ते अपोलोवाल्यांच्या यानाचं नाव. व्हर्नच्या तोफेचं ‘कोलंबियाड’. (हो, खुसपट काढायची सवय गेलेली नाही.)

मला हेवा वाटतो तो १८६५ च्या वाचकांचा. की कीव म्हणू? पहिलं पुस्तक संपतं तेव्हा गोळा चंद्राभोवती फिरतोय आणि आतल्यांचं काय झालं, पत्ता नाही. पुढचा भाग यायला १८६९ उजाडलं. आपल्याला दोन्ही एका बाइंडिंगमध्ये मिळाले आणि तू मधली पानं आधी वाचून शेवट फोडलास. तो राग अजून आहे.

आता मुद्द्याचं. गन क्लबचा अध्यक्ष बार्बिकेन, त्याच्याशी त्याचा प्रतिस्पर्धी कॅप्टन निकोल यानं पाच पैजा लावलेल्या असतात. तोफ फुटेल, गोळा सहा मैलांवर जाणार नाही वगैरे. सगळ्या हरतो, आणि शेवटच्या दोन पैजांचे नऊ हजार डॉलर त्या गोळ्यात, अंतराळातच, मोजून देतो. वर पावती मागतो. बार्बिकेनही वहीतलं पान फाडून, पेन्सिलीनं, तारीख घालून, सही करून रीतसर पावती देतो.

तर पुढच्या रविवारी ये. दोन प्लेट माझ्याकडून, जादा पाव तुझे तू घे. आणि येताना पेन घेऊन ये. पावतीशिवाय मी पैसे देणार नाही.

तुझा,
नंदू